अर्ज वर चढतो, प्रश्न खाली उतरतो

मे महिना लागला की सावर्डे स्टेशनावर मुंबईच्या गाड्यांतून माणसे उतरू लागतात. डोक्यावर बॅगा, हातात पोरे, खांद्यावर लग्नाच्या आहेराच्या पिशव्या. चिपळूण सोडून संगमेश्वराकडे निघाले की महामार्गालगत हे गाव लागते. येथूनच आजूबाजूच्या वाड्यांकडे रिक्षा आणि एस.टी. सुटतात. बुद्धपौर्णिमा, लग्ने, घरांची डागडुजी हे सारे उरकत असतानाच एखाद्या संध्याकाळी विहारात बैठक बसते. एका बाजूला गावकर मंडळी, दुसऱ्या बाजूला मुंबईकर मंडळी. हिशेब वाचला जातो, वर्गणी ठरते, आणि मग ठरलेले विषय निघतात. पाण्याची टाकी बांधली पण नळाला पाणी नाही. स्मशानाकडे जाणारी पायवाट पावसात वाहून जाते. मुलीची शिष्यवृत्ती जमा झालेली नाही.

मग कोणीतरी पत्र्याची पेटी उघडतो. कोकणातल्या बहुतेक बौद्धवाड्यांत अशी एक पेटी असते. तिच्यात अर्जांच्या प्रती असतात. ग्रामपंचायतीला दिलेला अर्ज, पंचायत समितीला दिलेला अर्ज, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला दिलेले स्मरणपत्र. प्रत्येकावर पोच म्हणून गोल शिक्का आणि तारीख. शिक्के भरपूर असतात. उत्तरे मात्र शोधूनही सापडत नाहीत.

या पेटीकडे पाहूनच आम्ही आज हा विषय वाचकांपुढे मांडीत आहोत. आमदार-खासदारांच्या हातात एक साधे शस्त्र आहे. त्याला विधिमंडळातला प्रश्न म्हणतात. आपण आमदाराकडे रस्ता मागतो, समाजमंदिर मागतो, लग्नाला यायचे आमंत्रण देतो. पण आमचा हा प्रश्न सभागृहात लेखी विचारा, अशी मागणी आपण सहसा करीत नाही. ती का केली पाहिजे, आणि कशी केली पाहिजे, ते पाहू.

बाबासाहेबांनी सांगितलेली रोजची तपासणी

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे ठेवताना बाबासाहेबांनी एक गोष्ट फार स्पष्ट केली होती. अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत न घेता आपण संसदीय पद्धत का घेतली, याचे ते उत्तर होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, सरकारला स्थैर्यही हवे आणि जबाबदारीही हवी. दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. आपण जबाबदारीला अधिक महत्त्व दिले आहे. आणि ही जबाबदारी दोन वेळा तपासली जाते. एक तपासणी मतदार निवडणुकीत करतो, ती ठराविक मुदतीने येते. दुसरी तपासणी रोजची असते, ती सभागृहातले सभासद करतात. या रोजच्या तपासणीची साधने सांगताना त्यांनी पहिले नाव घेतले ते प्रश्नांचे. ठराव, अविश्वास, तहकुबी हे सारे त्यानंतर.

म्हणजे पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून आपले काम संपत नाही. मधल्या काळात रोजची तपासणी चालू राहावी, अशी योजना घटनेतच आहे. अनुच्छेद १६४ प्रमाणे राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. जो जबाबदार आहे त्याला विचारता येते, आणि विचारल्यावर त्याला उत्तर द्यावे लागते.

ही गोष्ट बाबासाहेबांनी पुस्तकातून उचललेली नव्हती. १९२६ च्या अखेरीस मुंबई विधिमंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि १९२७ पासून त्यांनी हे काम स्वतः केले. त्याच वर्षी मार्च महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च होतात, आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल होतात. शाळेत मुले येण्याची गती अशीच राहिली तर सगळे मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षे लागतील, आणि सगळ्या मुली यायला तीनशे! एकही शिवी नाही, एकही आरोळी नाही. आकडा सरकारचा, तोंड बाबासाहेबांचे. प्रश्न विचारण्याचे खरे कारण हेच असते. सरकारच्या तोंडून आकडा काढून घ्यायचा, आणि तोच त्याच्यापुढे धरायचा.

नुसत्या ठरावाने पाणी मिळत नाही

आपल्याला आणखी एक धडा जवळच्या महाडने दिला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. सरकारने हुकूम काढला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागद सगळे चोख होते. तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकत नव्हते. बोले गप्प बसले नाहीत. १९२६ साली त्यांनी पुन्हा सभागृहात मागणी केली की, ज्या नगरपालिका हा ठराव पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला.

सभागृह आणि रस्ता या दोन्ही गोष्टी लागतात, हे त्यातून शिकायचे. रस्त्यावर माणसे नसतील तर सभागृहातला कागद कोरडा राहतो. आणि सभागृहात कागद नसेल तर रस्त्यावरच्या माणसाला दंगलखोर म्हणून हाकलले जाते.

आपल्या तालुक्यालाही हा वारसा आहे. १९२९ च्या एप्रिलात चिपळूणला परिषदा झाल्या, तेव्हा बाबासाहेब आले होते आणि खोतीखाली पिचलेल्या कुळांची बाजू त्यांनी मांडली होती. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी विधानसभेत आणले. ते तेव्हा पार पडले नाही. खोती कायद्याने जायला १९४९ साल उजाडावे लागले. पण ज्या रत्नागिरी जिल्ह्यातला कूळ खोतापुढे मान वर करीत नव्हता, त्याचे गाऱ्हाणे सरकारच्या दप्तरात छापले गेले.

प्रश्नाचा जन्म

आपल्या देशात कायदेमंडळात प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने आला. पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंग्याच्या राजांनी विचारला. विषय काय होता? सरकारी साहेब दौऱ्यावर निघाले की त्यांच्या लवाजम्याला लागणारी रसद गावकऱ्यांकडून घेतली जाई, आणि त्यापायी लोकांना जो त्रास होई, त्याबद्दलचा तो प्रश्न होता. साहेबाचे सामान वाहण्यात आणि तंबूला सरपण पुरवण्यात ज्यांचे आजे-पणजे झिजले, त्या आपल्या लोकांना हा त्रास काय होता ते वेगळे सांगायला नको. या देशातला पहिला प्रश्नच गरिबाच्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल होता.

तेव्हा उत्तर ऐकून खाली बसावे लागे. उत्तरावर उपप्रश्न विचारायची मुभा १९०९ साली प्रश्नकर्त्याला मिळाली, आणि १९१९ च्या कायद्याने ती सर्व सभासदांना मिळाली.

तारा लागला, तारा नाही लागला

आज प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे असतात. ज्या प्रश्नाच्या डोक्यावर तारा छापतात तो तारांकित. त्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात उभे राहून द्यायचे असते, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. ज्याला तारा नाही तो अतारांकित. त्याचे उत्तर लेखी येते आणि सभागृहापुढे ठेवले जाते. लोकसभेत एका दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न असतात. प्रश्नोत्तराचा तास एकच. त्यात वीसपैकी थोडेच प्रश्न तोंडी होतात, उरलेल्यांची उत्तरे शेवटी लेखीच मिळतात. तेव्हा लेखी उत्तर म्हणजे दुय्यम, असे समजू नये. टीव्हीवर दिसते ते भांडण. कामाचा कागद बहुधा लेखी उत्तरातच असतो.

आता या प्रश्नाचा प्रवास पाहा. आमदार प्रश्नाची सूचना विधानमंडळ सचिवालयाकडे देतो. तो नियमात बसतो की नाही हे अध्यक्ष ठरवतात. मग तो मंत्रालयातल्या त्या खात्याकडे जातो. खात्याच्या कपाटात तुमच्या वाडीची माहिती नसते. म्हणून खाते जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना विचारते, ते तहसीलदाराला किंवा गटविकास अधिकाऱ्याला विचारतात, आणि तो ग्रामसेवकाला विचारतो. कागदावर लिहिलेले असते : विधानसभा तारांकित प्रश्न, अत्यंत तातडीचे. आपला अर्ज खालून एकेक पायरी चढतो आणि कुठल्या तरी टेबलावर बसून राहतो. प्रश्न मात्र वरून खाली येतो, मुदत घेऊन येतो, आणि प्रत्येक टेबलावरून सही घेऊन परत वर जातो. ज्या फाईलवरची धूळ दोन वर्षे कोणी झटकली नाही, ती त्या आठवड्यात उघडली जाते. कित्येकदा उत्तर छापून येण्याआधीच काम सुरू होते, कारण ‘कार्यवाही सुरू आहे’ असे लिहायला काहीतरी सुरू असावे लागते.

असा एक प्रश्न कुठवर जाऊ शकतो याचे मोठे उदाहरण १९५७ सालचे आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. पैसा विमेदारांचा, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांचा. लोकसभेत प्रश्न आले. उत्तरे गुळमुळीत मिळाली. ती पकडूनच फिरोज गांधी यांनी डिसेंबरात विषय लावून धरला. ते सत्ताधारी पक्षाचेच सभासद, आणि पंतप्रधानांचे जावई. न्या. छागला यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले.

प्रश्न विकलेही जातात

शस्त्राला धार असते म्हणूनच त्याला गिऱ्हाईकही असते. १९५१ साली एच. जी. मुदगल या सभासदाने मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिचे काम केल्याचे उघड झाले आणि त्याला जागा सोडावी लागली. २००५ साली प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या अकरा खासदारांना संसदेने २३ डिसेंबरला काढून टाकले. त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. व्यापारी ज्या गोष्टीला पैसे मोजतो ती गोष्ट आपल्याला मतदार म्हणून फुकट मागता येते, आणि आपण मागत नाही!

शब्द चुकला की उत्तर चुकते

प्रश्न नेमका नसेल तर सरकार सुटते. सप्टेंबर २०२० ची गोष्ट आठवा. टाळेबंदीत आपले चाकरमानी मुंबई-गोवा रस्त्याने पायी गावाकडे निघाले होते. पोरे खांद्यावर होती, पाय फुटले होते. त्या सप्टेंबरच्या अधिवेशनात संसदेतला प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता. फक्त लेखी उत्तरे चालू राहिली. १४ सप्टेंबरला लोकसभेत विचारले गेले की, घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले? कामगार खात्याने लेखी उत्तर दिले : अशी माहिती ठेवलेली नाही. आणि भरपाई? तो प्रश्न उद्भवत नाही. त्याच अधिवेशनात राज्यसभेत रेल्वे खात्याला विचारले गेले की, श्रमिक विशेष गाड्यांत प्रवास करताना किती जण दगावले? तेथे आकडा आला : ९ सप्टेंबरपर्यंत ९७. सगळ्या मजुरांचे विचारले तर कोणाचीच जबाबदारी नव्हती. गाडीतल्यांचे विचारले तर नोंद ठेवणारे खाते सापडले.

दुसरे उदाहरण आपल्याच माणसांच्या मरणाचे आहे. २०२१ साली सामाजिक न्याय खात्याने राज्यसभेत सांगितले की, हाताने मैला उचलण्यामुळे कोणाचा मृत्यू झाल्याची नोंद नाही. ऐकणाऱ्याला वाटेल की मरण थांबले. पण गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना मेलेल्यांची नोंद याच सरकारकडे आहे, आणि तसे विचारले की आकडा मिळतो. कायद्यातला शब्द वेगळा, गटारात उतरणारा माणूस तोच. म्हणून प्रश्न लिहिताना सरकार कोणता शब्द वापरते हे आधी पाहावे.

आपला प्रश्न आपण लिहावा

आमदाराकडे राज्यभरातून कागद येतात. तुमच्या वाडीचा प्रश्न तो मनाने लिहील, ही अपेक्षा धरू नये. तो आपण तयार करून द्यावा. सावर्ड्याला सभागृह काही परके नाही. गोविंदराव निकम येथूनच लोकसभेत गेले होते, आणि २०१९ व २०२४ साली चिपळूणमधून विधानसभेवर निवडून आलेले शेखर निकम हेही येथलेच. आमदार कोणत्याही पक्षाचा असो, आपण त्याला मत दिलेले असो वा नसो, प्रश्न नेऊन देण्याचा हक्क आपला आहे. त्याने घेतला नाही तर विधानपरिषदेचे सभासद आहेत, विरोधी बाकावरचे आमदार आहेत. एका प्रश्नावर अनेक सभासदांची नावे असू शकतात.

प्रथम सभागृह ओळखावे. जिल्हा परिषद, वस्तीतली कामे, पाणी, वसतिगृह हे विषय विधानसभेचे. कोकण रेल्वेच्या गाडीचा सावर्ड्यातला थांबा, राष्ट्रीय महामार्ग, भविष्य निर्वाह निधी हे लोकसभेचे. लोकसभेच्या नियमाप्रमाणे प्रश्न दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा. कोणाची निंदा, उपरोध, तुमचे मत काय अशी विचारणा, किंवा कोर्टात चालू असलेले प्रकरण असेल तर प्रश्न नाकारला जातो.

‘आमच्या वाडीवर अन्याय होतो, सरकार झोपले आहे काय?’ हे वाक्य सभेत टाळी घेईल, सभागृहात फेटाळले जाईल. तोच विषय असा लिहावा :

‘सन्माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) मौजे अमुक, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी येथील बौद्धवाडीची नळपाणी योजना अमुक दिनांकास मंजूर होऊनही वाडीस अद्याप पाणी मिळालेले नाही, हे खरे आहे काय? (२) असल्यास, या योजनेवर आजवर किती खर्च झाला व किती घरांना नळजोडणी दिली? (३) असल्यास, काम पूर्ण करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

यात राग दिसत नाही. पण तारीख आहे, खर्च आहे, घरांची संख्या आहे. ‘हर घर जल’ची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला झाली, मुदत २०२४ ची होती, ती पुढे २०२८ पर्यंत वाढली. मुदत वाढली म्हणून आमच्या भगिनींच्या डोक्यावरचा हंडा हलका होत नाही. कोणता हंडा किती लांबून येतो, हे विचारायला हवे.

तारीख आणि खर्च कोठून आणायचा? त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. आधी माहिती मागावी, मग त्या माहितीवर प्रश्न बांधावा.

उत्तर आल्यावरही काम संपत नाही. ‘अंशतः खरे आहे’ असे आले तर कोणता अंश खरा ते पुढच्या अधिवेशनात विचारावे. ‘चौकशी करण्यात येत आहे’ किंवा ‘काम लवकरच पूर्ण करण्यात येईल’ असे मंत्री म्हणाले तर तो शब्द आश्वासन म्हणून धरता येतो. विधानमंडळाची आश्वासन समिती त्यासाठीच आहे. अनुसूचित जाती कल्याण समितीही आहे, ती जिल्ह्यात दौऱ्यावर येते तेव्हा उत्तराची प्रत तिच्या हातात द्यावी.

सगळी दुखणी प्रश्नाने बरी होतात, असे आम्ही म्हणत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडण्यावर सभागृहात कितीदा विचारले गेले, आणि कितीदा तारीख मिळाली! रस्ता कसा झाला ते सावर्ड्याचा प्रवासी रोज पाहतो. पण विचारलेच नाही तर काय होते, तेही याच तालुक्याने पाहिले आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचे धरण फुटले. भेंदवाडीतली घरे माणसांसकट वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे गेली. धरणाला गळती आहे, अशा तक्रारी आपण आधीच केल्या होत्या, असे गावकरी सांगत होते. तिवऱ्याची पेटीही आपल्यासारखीच अर्जांनी भरलेली असेल. ते अर्ज वेळेवर मुदतीच्या कागदावर चढले असते तर काय झाले असते, हे आता कोणी सांगू शकत नाही. आपल्या पेटीत असा कोणता अर्ज पडून आहे, ते मात्र आज पाहता येते.

विधिमंडळाची अधिवेशने वर्षातून तीन. अर्थसंकल्पाचे आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. पावसाळी अधिवेशन साधारण जून-जुलैत असते. म्हणजे मे महिन्यातली विहारातली बैठक हीच प्रश्न लिहायची वेळ. मुंबईकरांनी वर्गणी द्यावी, आणि त्याबरोबर मंत्रालयात व विधानभवनात पाठपुरावा करायला दोन माणसेही द्यावीत. गावकरांनी तारखा काढाव्यात. आमच्या भगिनींनी सांगावे की पाणी किती दिवसांआड येते, कारण ते त्यांच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते. आणि दहावी-बारावी झालेल्या मुलीला वही देऊन प्रश्न तिच्याकडून लिहून घ्यावा.

उत्तर आले की त्याची एक प्रत त्या वहीत चिकटवावी, तारीख घालावी, आणि वही पेटीत सगळ्यांत वर ठेवावी. पुढच्या मे महिन्यात पेटी उघडली की अर्जाआधी ती वही हाताला लागली पाहिजे.